शकील पिंजाऱ्याच्या स्लॅबवरची पेटी

कळमनुरीच्या बाजारगल्लीत, नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्याला अगदी खेटून, शकील पिंजाऱ्याचं घर होतं. गाद्या, उशा, रजया भरण्याचा धंदा आज्यापासूनचा. हात असा बसलेला की त्यानं भरलेल्या गादीत कापसाचा गोळा म्हणून सापडायचा नाही. लग्नसराईत आजूबाजूच्या गावांतून, तांड्यांवरून लोक त्याच्याकडंच यायचे. पण गल्लीत त्याचं नाव कामापेक्षा भित्रेपणावरून जास्त घेतलं जाई. पोलिसांची जीप दिसली की शकील दुकानात आत सरकून उगीच कापूस चिवडत बसे. कोर्टाचा पट्टेवाला दुसऱ्याच कुणाचं घर विचारायला आला, तरी याच्या तोंडाला कोरड पडे. लोक हसत. तोही त्यांच्यासोबत हसे, आणि हसताना रस्त्याकडं एक डोळा ठेवी.

सगळ्यात जास्त भीती त्याला त्या रस्त्याचीच होती, आणि ती काही उगीच नव्हती.

त्याचं लग्न झालं त्याच्या पुढच्या साली, त्र्याण्णवमध्ये, भूकंप झाला. घरं पडली ती तिकडं लातूरकडं. इकडं कळमनुरीत नुसती मांडणीवरची भांडी खाली आली. पण शकीलच्या मनात ते घर जे हललं ते हललंच. थंडी पडेपर्यंत तो अंगणात झोपला. बायको खुर्शीदबी नवी नवरी, तिनं तक्रार न करता त्याच्या शेजारी अंथरूण टाकलं. पुढं त्यानं मातीचं समोरचं घर पाडून विटांची खोली बांधली, वर स्लॅब टाकला. गवंड्यानं भिंतीवर थाप मारून सांगितलं, आता काही होत नाही. तरी भरलेला ट्रक गेला की दाराची कडी वाजायची, आणि शकील हातातलं दाभण खाली ठेवून भिंतीला तळवा लावून बघायचा.

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षीची गोष्ट. खुर्शीदबी घरापुढच्या ओट्यावर कापसातली सरकी निवडत बसली होती. चुलीवर दूध होतं, ते आठवून ती आत गेली. तेवढ्यात उसानं भरलेला एक ट्रक समोरच्या बैलगाडीला चुकवायला गेला आणि ओट्यावर चढला. ओटा मधोमध फुटला. निवडलेला कापूस चाकाखाली, काळा झालेला. खुर्शीदबी हातात दुधाचं पातेलं घेऊन दारात उभी होती आणि ट्रकचं तोंड तिच्यापासून हातभर लांब होतं. ड्रायव्हर पळून गेला. लोक जमले, पंचनामा झाला. शकीलच्या तोंडून मात्र शब्द फुटेना. तिसऱ्या दिवशी तो बोलला तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं की, आजपासून रस्त्याच्या बाजूला कुणी बसायचं नाही. मोडका ओटा त्यानं परत बांधलाच नाही.

त्यांना एकच मुलगी, फरहीन. ती चौथी-पाचवीत असताना तिला दमा निघाला. गाड्या वाढल्या होत्या, साइडपट्टीची माती दिवसभर उडायची, भाकरीवरसुद्धा बसायची. डॉक्टरनं सांगितलं, पोरीला कापसापासून लांब ठेवा आणि धुळीपासूनही. धुळीचं काय करणार? पण कापसाचं शकीलनं केलं. पिंजायचं यंत्र घरातून हलवलं आणि मागच्या बोळातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. शेड मुबश्शीर सेठचं होतं. मुबश्शीर सेठची गल्लीत लाकडाची वखार, वखारीवर दोन मजले घर. माणूस वाईट नव्हता. “ठेव की, रिकामंच पडलंय,” एवढं म्हणून त्यानं किल्ली दिली होती. पण त्या दिवसापासून शकील त्याच्यासमोर आणखी थोडा वाकून चालायला लागला.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर रस्त्यालगतच्या भिंतींवर लाल रंगाच्या खुणा दिसू लागल्या. मोजमाप करणारी माणसं आली, साखळ्या टाकून गेली. कुणाला काही सांगितलं नाही. मग हळूहळू कळलं की रस्ता चौपदरी होणार. एक बेत असा की तो गावातूनच रुंद करायचा. म्हणजे दोन्ही बाजूंची घरं, दुकानं अर्धीअर्धी कापायची. दुसरा बेत असा की गावाला बाहेरून वळसा घालून बायपास काढायचा. तो जाणार होता तांड्याच्या बाजूनं, म्हणजे तिथल्या लोकांच्या वावरांतून. शकीलच्या भिंतीवरची लाल खूण दाराच्या पलीकडं, आतल्या अंगाला होती. मधली खोली आणि स्वयंपाकघर राहत होतं. स्लॅबची खोली जात होती. खुर्शीदबीनं ती खूण ओल्या फडक्यानं पुसायचा प्रयत्न केला. रंग निघाला नाही, शकील मात्र घाबरून तिच्यावर ओरडला. सरकारी खूण आहे, कुणी बघितलं म्हणजे?

संक्रांतीच्या आसपास शिला मॅडम आल्या. तिशीच्या पुढच्या, पायात बूट, सोबत जीप आणि एक मदतनीस. रस्ता बांधायच्या आधी त्याचा हवापाण्यावर, झाडांवर, माणसांवर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो, आणि ते काम त्यांच्याकडं आहे, असं त्यांनी सांगितलं. हवेतली धूळ मोजायचं यंत्र ठेवायला त्यांना रस्त्याजवळचा, फार उंच नसलेला स्लॅब हवा होता. शकीलला नाही म्हणायचं होतं. पण जीप, कागद, मॅडम हे सगळं बघून त्याच्या तोंडून हो निघालं.

यंत्र दिसायला कबुतरांच्या खुराड्यासारखं होतं. पत्र्याची पेटी, वर उतरतं छप्पर. छपराखाली पांढऱ्या कागदाची गाळणी. पेटी हवा आत ओढायची आणि धूळ त्या कागदावर बसायची. लोडशेडिंगचे दिवस होते, म्हणून जनरेटर आणला, आणि त्याचा धूर पेटीत जाऊ नये म्हणून तो लांब वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवला. आठवड्यातून दोनदा पेटी चालायची. मॅडमनी शकीलला एकच गोष्ट बजावली. पेटी चालू असेल त्या दिवशी मागच्या शेडमधलं पिंजण बंद ठेवायचं आणि वर कुणी जायचं नाही. शकीलनं मान डोलावली, आणि मॅडम गेल्यावर जिन्याच्या दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला बांधली.

पेटी सुरू झाली की डोक्यावर पिठाची गिरणी बसल्यासारखी घरघर ऐकू यायची. गल्लीतल्या बायकांनी अंगणात पडदे लावले, कारण पेटी फोटो काढते असं कुणीतरी सांगितलं. कुणी म्हणे ती बोलणं ऐकते. कुणी म्हणे ज्या घरावर बसवली ते घर आधी पाडणार. शकीलला तिन्ही गोष्टी खऱ्या वाटायच्या. तो घरात हळू आवाजात बोलायला लागला. फरहीननं त्याला एकदा समजावलं की अब्बा, त्यात फक्त पंखा आणि कागद आहे, मी मॅडमना विचारलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तरीही खुणेनंच पाणी मागितलं.

मंगळवारच्या बाजाराला देवला आला. देवला तांड्यावरचा, शकीलच्या वयाचा. त्याच्या वावरातला कापूस शकील कित्येक वर्षं घेत होता, आणि तांड्यावरच्या लग्नाच्या गाद्या शकीलच भरायचा. दोघांचं बसणं-उठणं होतं. त्या दिवशी देवला दुकानात आला तो चहालाही नको म्हणाला. तांड्यावर, त्याच्या घराजवळच्या लिंबाखाली, तशीच एक पेटी ठेवली होती. त्याच्या आज्यानं आणि भावकीनं मिळून खोदलेली विहीर बायपासच्या रेषेत येत होती. पूर्वी त्यांची माणसं बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायची. ते फिरणं बंद पडलं तेव्हा त्या विहिरीच्या पाण्यामुळं तांडा तिथं टिकला. रूपाबाई, त्याची बायको, पेटी आल्यापासून नीट जेवत नव्हती.

“शकीलभाई, तुमच्या घरावरली पेटी काय सांगून राहिली?” त्यानं विचारलं.

शकील म्हणाला, मला काय कळतं त्यातलं.

“लोक म्हणून राहिले, तुमच्याकडं धूळ जास्त निघाली का रस्ता आमच्याकडून जाईन. कमी निघाली का तुमच्यातून.” देवला जरा पुढं सरकला. “मी तुमचं घर पडावं असं म्हनत न्हाई. पण आमी कुठं जावं?”

शकीलनं देवलाचा हात धरला, तर दोघांचेही हात गार होते.

ही धुळीची गोष्ट तांड्यावर पोचली तशी वखारीवरही पोचली होती. मुबश्शीर सेठनं शकीलला बोलावून घेतलं. वखारीत सागाचे ओंडके कापायचं काम चालू होतं, ते त्यानं थांबवायला लावलं, आणि शकीलला स्वतःशेजारी खुर्चीवर बसवलं. याआधी त्यानं असं कधी बसवलं नव्हतं, आणि तिथंच शकीलचा जीव अर्धा झाला. सेठ शांतपणे बोलला. या गल्लीतली इतकी घरं त्या पेटीवर लटकली आहेत. तुझं, माझं, माझ्या भावाचं. कागद जितका काळा, तितका रस्ता गावाबाहेर. पुढच्या वेळी पेटी चालू असेल तेव्हा दुपारच्या वेळी वर जायचं, जुन्या गाद्या घेऊन, आणि पेटीजवळ झोडपायच्या. कुणाला संशय येत नाही, तुझा धंदाच तो आहे.

शकील म्हणाला, मॅडमनी वर जायला मनाई केली आहे. पकडलं तर?

सेठ म्हणाला, “शकीलमियाँ, सगळी गल्ली एका बाजूला असताना तू एकटा वेगळा पडू नको. ते बरं दिसत नाही.” मग उठता उठता त्यानं विचारलं, “शेडमध्ये यंत्राला काही तकलीफ नाही ना?”

एवढंच. धमकी म्हणावी तर धमकी नव्हती. शकील घरी आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं खुर्शीदबीला सांगितलं. तिलाही स्लॅबची खोली जाऊ द्यायची नव्हती. आणि देवलाच्या घरची रूपाबाई दर संक्रांतीला तिच्यासाठी तिळाचे लाडू पाठवायची, तेही ती विसरली नव्हती. शेवटी ती म्हणाली, “फरहीनचे अब्बा, मला काही सुचत नाही. तुम्हाला जे कमी भीतीचं वाटेल ते करा.” पण कमी भीतीचं असं त्यात काही नव्हतंच. सरकारची भीती लांबची होती, सेठची भीती दारातली होती. माणूस जवळच्या भीतीला आधी मान देतो, शकीलनंही दिला.

पुढच्या पाळीला पेटी चालू झाली. दुपारी गल्ली सुस्तावली होती. शकीलनं कमरेची किल्ली काढली आणि एका लॉजच्या जुन्या गाद्या खांद्यावर टाकून तो वर गेला. गाद्यांमध्ये कित्येक वर्षांची माती साठलेली. त्यानं त्या पेटीशेजारच्या कठड्यावर टाकल्या आणि काठीनं झोडपायला लागला. मग धुळीचा लोट उठला, आणि पेटी तो लोट आत ओढताना त्याला दिसली. धूर जसा खिडकीतून खेचला जातो तसा. ते बघून तो इतका घाबरला की थांबायचंच विसरला. जणू लवकर उरकलं तर लवकर सुटका होईल. फटक्यांमागं फटके घालत राहिला. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत होते, त्याच्या भुवयांवर, मिशीवर बसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं.

जिन्यावरची पावलं त्याला ऐकू आली नाहीत, कारण पेटीची घरघर होती. फरहीनची शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती. जिन्याचं दार उघडं दिसलं, वर आवाज ऐकू आला, म्हणून ती धावत वर आली आणि त्या धुळीत शिरली. शकीलनं वळून बघितलं तेव्हा ती कठड्याला धरून वाकली होती. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि आत हवा जात नव्हती. ओठ निळसर पडले होते. ती काही बोलायचा प्रयत्न करत होती आणि तिच्या तोंडून नुसती शीळ निघत होती.

शकीलनं काठी टाकली. पोरीला उचलून जिना कसा उतरला ते त्याला पुढं कधीच आठवलं नाही. खुर्शीदबी अनवाणी मागं धावली. नाक्यावर रिक्षा मिळाली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं तोंडावर वाफेचा मास्क लावला, इंजेक्शन दिलं. शकील खाटेच्या पायाशी उभा होता. त्याच्या अंगावर सगळी धूळ, केसांत कापूस. डॉक्टरनं विचारलं, एवढ्या धुळीत पोरगी गेली कशी? शकीलनं खाली बघितलं. पेटीची भीती, सेठची भीती, पोलिसांची भीती, अशा किती भीती तो इतकी वर्षं सांभाळत आला होता. त्या सगळ्या त्या घटकेला कुठंतरी मागं राहिल्या आणि एकच उरली. समोर खाटेवर ती श्वास घेत होती.

संध्याकाळपर्यंत धाप बसली. फरहीननं डोळे उघडून पाणी मागितलं आणि बापाच्या केसांतला कापूस बघून थोडी हसली. शकील बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकला आणि रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम कागद बदलायला आल्या, तेव्हा शकील जिन्यातच उभा होता. त्यानं रात्रभर ठरवून ठेवलेलं बोलणं एका दमात सांगून टाकलं. काल दुपारी मी वर आलो, गाद्या झोडपल्या, मुद्दाम झोडपल्या. बोलताना त्यानं दोन्ही हात पुढं धरले होते. बेड्या घालायला धरतात तसे. मॅडमनी ते हात बघितले.

मग त्यांनी पेटी उघडली. आधीच्या दिवसांचे कागद पाकिटांत होते, त्यांतला एक काढून शेजारी धरला. तो काळपट राखाडी होता, तव्याच्या बुडासारखा. कालचा कागद जाड झाला होता, मातकट, आणि त्यावर पांढऱ्या तंतूंची साय धरली होती. त्या म्हणाल्या की हे मला कळलंच असतं. पण कुणी न सांगता कळलं असतं, तर या जागेवरचे सगळेच दिवस संशयात आले असते, आणि मला ते सगळे रद्द करावे लागले असते. आता फक्त कालचा दिवस रद्द होईल.

“कुणी सांगितलं होतं करायला?” त्यांनी विचारलं.

शकील कमरेची किल्ली चाचपत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

खाली येऊन त्यांनी फरहीनची चौकशी केली, आणि खुर्शीदबीनं दिलेला चहा घेतला. तेव्हा शकीलनं धीर करून विचारलं की धूळ जास्त निघाली तर देवलाची विहीर जाणार का? मॅडम म्हणाल्या, असं एका पेटीवर काही ठरत नाही. किती गाड्या जातात, किती आवाज होतो, भिंतींना किती हादरे बसतात, किती झाडं, किती विहिरी, पावसाचं पाणी कुठून वाहतं, माणसं आणि जनावरं रोज कुठून ये-जा करतात, हे सगळं मांडायचं असतं. आणि रेषा दोनच असतात असंही नाही. तिसरीही काढता येते, ती सरकवताही येते. त्यांनी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. एक दिवस रद्द केल्याचं अहवालात येणार. जनसुनावणीत कुणी विचारलं, तर उत्तर द्यावं लागेल.

त्या दिवसापासून जनसुनावणी हा शब्द शकीलच्या डोक्यातून निघेना.

ती झाली वैशाखात, तहसीलच्या आवारात मांडव टाकून. हिंगोलीहून अधिकारी आले होते. एका बाजूला बाजारगल्लीची माणसं, पुढं मुबश्शीर सेठ. दुसऱ्या बाजूला तांड्याची माणसं, बायका मागं दाटीनं बसलेल्या, त्यांत रूपाबाई. शकील कडेच्या खांबाला धरून उभा होता. घरून निघताना तो दोनदा परत फिरला होता. मॅडमनी अहवालातल्या गोष्टी सांगितल्या. गावातल्या रस्त्यावरची धूळ मर्यादेच्या कितीतरी वर आहे. गावातून रुंद केला तर गाड्या वाढतील आणि ती आणखी वाढेल. बाहेरून काढला तर शेतं जातील आणि विहीर जाईल. म्हणून आम्ही बायपासची रेषा मुरमाड माळाकडं सरकवायची सूचना केली आहे, आणि तांड्याच्या वाटेवर रस्त्याखालून ये-जा करायला मोरी ठेवायची.

देवला उठला. बाजारातली कुजबुज त्याच्याही कानावर गेली होती. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, “गावातल्या पेटीत गडबड झाली असं आमी ऐकलं. मंग त्या धुळीचं खरं काहून मानावं?”

मांडवात गलका झाला. मॅडम म्हणाल्या की एक दिवस रद्द केला आहे, बाकीचे दिवस बरोबर आहेत. मुबश्शीर सेठ उठून म्हणाला की कुणी काही केलं नाही, त्या दिवशी वारा होता, तांड्याची माणसं उगीच बोट दाखवतायत. बाजारगल्लीच्या माणसांनी माना हलवल्या. तांड्याची माणसं उभी राहायला लागली. अधिकारी माइकवर शांत बसा, शांत बसा म्हणत होते. देवला कुणाकडंच न बघता मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या शकीलकडं बघत होता.

खांब सोडला तर आपण पडू असं शकीलला वाटत होतं, म्हणून तो खांबाला धरूनच बोलला. माइक नव्हता, आवाज जेमतेम पुढच्या रांगेपर्यंत गेला, पण मांडव गप्प झाला होता.

“वारा नव्हता साहेब. म्या गाद्या झोडपल्या. भेऊन झोडपल्या. माझी पोरगी त्या धुळीत मरता मरता वाचली.” तो थांबला. त्याला पुढं बरंच बोलायचं होतं, विहिरीबद्दल, ओट्याबद्दल. ते सगळं डोक्यातून गेलं. “बाकीच्या दिवशी वर कुणीच गेलं नाही. तो काळा कागद खरा आहे. आमी रोज तेच खातो.”

आणि तो मटकन खाली बसला. अधिकाऱ्यानं त्याचं नाव विचारलं, ते त्याला दोनदा सांगावं लागलं. बेड्या कुणी घातल्या नाहीत. तांड्याची माणसं एकेक करून खाली बसली. देवला सगळ्यांत शेवटी बसला.

पुढचे दिवस मात्र कठीण गेले. एका सकाळी शेडच्या दारासमोर मुबश्शीर सेठच्या माणसांनी ओंडके रचले, दार उघडेना. शकीलनं विनंती करून यंत्र बाहेर काढलं आणि ताडपत्री घालून घरामागं ठेवलं. गल्लीतल्या माणसांनी गाद्या द्यायच्या बंद केल्या. नमाजाला गेलं तरी शेजारी जागा रिकामी राही. रस्त्यानं चालताना आपल्या पाठीवर कुणीतरी काही फेकेल असं त्याला वाटायचं. कुणी फेकलं नाही, पण खुर्शीदबीनं दाराला आतून दुसरी कडी बसवली.

मग एके दिवशी रूपाबाई आली. बाजाराच्या गाठोड्यासह दारात बसली आणि खुर्शीदबीला म्हणाली की आमच्या तांड्यावर लग्न आहे, गाद्या भरायच्या आहेत, भाईला पाठवून द्या. यंत्राला वीज मिळायची नाही, तर भाईच्या बापाची कापूस पिंजायची जुनी कमान आणा. शकीलला वाटलं, तांड्यावर आपल्याला कुणी मारलं तर? धुळीचं बोलून आपणच तर रस्ता त्यांच्याकडं ढकलला. तरी तो गेला. माळ्यावरची कमान खांद्याला लावून, वाटेत दहा वेळा मागं बघत. देवलानं लिंबाखाली चटई टाकून ठेवली होती. कुणी काही विचारलं नाही. दुपारी रूपाबाईनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून ठेवला. कमानीची तार वाजत राहिली, आणि संध्याकाळी देवला त्याला वेशीपर्यंत सोडायला आला. चालता चालता देवला म्हणाला, “तुमी बोललात तवा मी तुमच्यावर चिडलो होतो. पण वारा म्हनला असतात तर आपलं बोलणं बंद झालं असतं.” त्या उन्हाळ्यात तांड्यावरच्या, साखरा गावाकडच्या लग्नांच्या कामावरच शकीलचं घर चाललं.

बायपासची रेषा सरकली. सगळी नाही, थोडी. देवलाच्या वावराची एक पट्टी गेली, विहीर वाचली. रस्ता दोन हजार नऊमध्ये सुरू झाला. बाजारगल्लीतले ट्रक कमी झाले, लाल खुणा उन्हापावसानं फिक्या पडल्या. शकीलची खोली राहिली, मुबश्शीर सेठची वखारही राहिली. फरहीनचा दमा गेला नाही, पण रात्रीचे झटके कमी झाले, आणि पुढं ती डी.एड.ला हिंगोलीला गेली. येणारं-जाणारं गिऱ्हाईक मात्र रस्त्यासोबत बाहेर गेलं. गल्लीतल्या अनेकांची दुकानं मंदावली. त्यासाठीही काहींनी शकीललाच बोल लावले.

अहवालात सांगितलेली मोरी तेवढी झाली नव्हती. रस्ता उंच, गाड्या सुसाट, आणि तांड्याची लेकरं, शेळ्या त्यावरूनच पार व्हायच्या. पहिल्या पावसाळ्यात दोन शेळ्या गाड्यांखाली गेल्या. रूपाबाई लेकरांना हाताला धरून पलीकडं सोडायची आणि शाळा सुटायच्या वेळी परत कडेला येऊन उभी राहायची. शकीलनं तिला तिथं उभं असलेलं बघितलं. तिच्या तोंडावर काय होतं, ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तांड्याची माणसं मोरीसाठी तहसीलला निघाली, तेव्हा शकील त्यांच्यासोबत होता. साहेबाच्या खोलीबाहेर बाकावर बसताना त्याच्या तोंडाला नेहमीसारखी कोरड पडली होती. देवलानं त्याला पाण्याचा तांब्या दिला. आत गेल्यावर साहेबानं विचारलं, तुम्ही तर गावातले, तुमचा यात काय संबंध? शकील म्हणाला की मॅडमनी मांडवात मोरी ठेवायची म्हणून सांगितलं तेव्हा मी तिथं होतो, साहेब, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्यांना परत पाठवलं, तरी ते पुन्हा गेले. पुन्हा पाठवलं, पुन्हा गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मोरी झाली. बुटकी, पावसाळ्यात घोटाभर पाणी साठणारी, पण झाली. शकील कापसाचं ओझं घेऊन पहिल्यांदा तिच्यातून निघाला तेव्हा वरून एक ट्रक गेला आणि तो मध्येच थबकला. पुढं शेळ्या हाकत चाललेली रूपाबाई वळून म्हणाली, “या भाई, काही होत न्हाई.” तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग ओझं दुसऱ्या खांद्यावर घेऊन तिच्या मागं बाहेर पडला.